जुनी ट्रॉली हंगामाला जुंपताय? रंगाचा डबा आणण्याआधी खाली वाकून हे तपासा

गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी महिनाभर माढा, माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, करमाळा या पट्ट्यातल्या प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. कुणाचा फाळका बदलायचा असतो, कुणाला पत्रा मारायचा असतो, कुणाला रंग देऊन मागे देवाचं नाव टाकायचं असतं. आठ दिवसांत ट्रॉली नव्यासारखी दिसायला लागते आणि फडात जाते.

पण हंगामात ट्रॉली मोडते ती वरून नाही, खालून. चाक निखळतं, हूकची पिन तुटते, दांडीचा जोड उकलतो, बेअरिंग जळतं. भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात बसली आणि मागे लाल काही चमकत नसेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. ऊसपट्ट्यात असे अपघात दर हंगामाला होतात.

ट्रॉली पंधरा-वीस वर्षांची आहे म्हणून ती वाईट असं अजिबात नाही. जुन्या ट्रॉल्यांचं लोखंड बऱ्याचदा आजच्यापेक्षा जाड निघतं. अडचण एवढीच, की ट्रॉलीला इंजिन नाही, तासाचं मीटर नाही, त्यामुळे तिची सर्व्हिसिंग कुणाच्या डोक्यातच येत नाही. ट्रॅक्टरचं ऑइल आपण तासावर बदलतो. त्याच ट्रॅक्टरमागे दहा टन वजन घेऊन पळणाऱ्या चाकातलं ग्रीस मात्र चाक जाम झाल्यावरच आठवतं.

म्हणून खर्चाचा क्रम आधी ठरवा. पहिला पैसा हूक आणि दांडीला, दुसरा चाकाला, तिसरा चेसीला, चौथा लाइट-रिफ्लेक्टरला. पत्रा त्यानंतर. रंग उरलेल्या पैशात.

काम सुरू करण्याआधी

ट्रॉली रिकामी करा, झाडून घ्या, कोपऱ्यातली माती उकरून काढा, पाणी मारून दोन दिवस उन्हात वाळू द्या. चिखलाखाली तडा दिसत नाही. ट्रॅक्टर सोडवून बाजूला लावा. जमीन कठीण आणि सपाट हवी. जे चाक उचलायचं नाही त्याच्या पुढे-मागे दोन्हीकडे दगड लावा. जॅकखाली जाड फळी ठेवा आणि चाक उचललं की एक्सलखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॉलीखाली कुणीही डोकं घालायचं नाही. विटा रचून टेकू देऊ नका, वीट वजनाखाली एकदम फुटते.

हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर ही गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा: हौद वर उचललेला असताना खाली जायचं तर आधी हौदाला लोखंडी टेकू लावायचा. पाइप फुटला किंवा कुणाचा हात चुकून लिव्हरला लागला, तर हौद क्षणात खाली येतो. आणि हौद उचलण्याआधी वर बघा. शेतातून गेलेल्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी लोंबलेल्या असतात.

हूक, पिन आणि दांडी

दांडी म्हणजे ट्रॉलीचा पुढचा निमुळता भाग, आणि तिच्या टोकाला असलेलं कडं ट्रॅक्टरच्या हूकमध्ये बसतं. सगळा ओढ इथून जातो, आणि उतारावर सगळा रेटाही इथेच येतो. कड्याचं भोक नवीन असताना गोल असतं. वर्षानुवर्षं पिन घासून ते अंड्यासारखं लांबट होतं, आणि ज्या बाजूला ओढ असतो तिथलं लोखंड पातळ होतं. कॅलिपर नसला तरी चालतं. कड्याची न घासलेली बाजू आणि घासलेली बाजू दोन बोटांत धरून बघा, फरक कळतो. डोळ्याला सहज दिसण्याइतकी झीज असेल तर कडं बदला. घासलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवून भरण्याची पद्धत आहे, पण ती काम चालवण्यापुरती. थर कडक असतो, खालचं लोखंड मऊ असतं, आणि तडा बरोबर त्या दोघांच्या मधून जातो.

पिनच्या जागी सळईचा तुकडा घालणारे आपल्याकडे कमी नाहीत. स्लॅबची सळई या कामासाठी बनलेली नसते. ती वाकते, तिच्यावरच्या रेघांनी भोक झिजवते, आणि वरून डोकं नसल्याने उसळीत बाहेर येते. भोकात जेमतेम बसणारी, डोकं असलेली चांगल्या पोलादाची पिन घ्या आणि खाली क्लिप लावाच. क्लिप हरवली म्हणून तार गुंडाळणं हा एका खेपेचा इलाज आहे, हंगामाचा नाही. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक जाड साखळीही लावा. पिन गेलीच तर ट्रॉली रस्त्यावर मोकाट पळत नाही. साखळी वळणापुरती सैल हवी, पण जमिनीला घासेल इतकी लांब नको.

आता दांडी चेसीला जिथे जोडलेली असते तो जोड बघा. तिथला रंग तारेच्या ब्रशने काढा आणि वेल्डिंगच्या कडेने बोट फिरवा. केसासारखी बारीक तपकिरी रेघ दिसली तर तो तडा समजा. तडा आतून गंजतो आणि ते पाणी रंगावर ओघळतं, म्हणून ती रेघ दिसते. चारचाकी ट्रॉलीत पुढचं टर्नटेबल असतं. त्याचा मधला बोल्ट, कडेच्या क्लिप आणि ग्रीस याच वेळी बघून घ्या. टर्नटेबल कोरडं असेल तर वळताना चाकं फरफटतात आणि दांडीला पीळ बसतो.

एक गोष्ट जोडण्याच्या जागेची. दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हूकलाच लावायची. वरच्या टॉप लिंकच्या जागी काहीतरी जुगाड करून ओढली, तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. माल भरतानाही वजन एक्सलच्या थोडं पुढे पडेल असं भरा. मागे जास्त भरलं की दांडी ट्रॅक्टरला वर उचलते, आणि मागच्या चाकांची पकड जाते.

चाकातलं बेअरिंग: इथे घाई नको

प्रत्येक हबमध्ये सहसा दोन तिरप्या रोलरची बेअरिंगं असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. आतल्या बाजूला रबराचं ऑइल सील असतं. ही जोडी वर्षातून एकदा तरी खोलायलाच हवी.

आधी न खोलता तपासणी करा. चाक उचलून वर आणि खाली दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ढकला. खटखट जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा गेलेलं आहे. मग चाक फिरवून एक हात एक्सलजवळ ठेवा. खरखर हाताला कळते.

खोलल्यावर जुनं ग्रीस सगळं काढा. बेअरिंग डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुवा, फडक्याने पुसा, वाळू द्या. पंक्चरवाल्याच्या हवेने बेअरिंग भिंगरीसारखं फिरवून वाळवायची पोरांना हौस असते. तसं करू देऊ नका. कोरडं बेअरिंग वेगात फिरलं की खराब होतं, आणि एखादा रोलर सुटून डोळ्यात गेला तर डोळाच जातो.

धुतल्यावर प्रत्येक रोलर उजेडात बघा. गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ठीक. निळसर-जांभळी झाक असेल तर ते तापलेलं आहे. खड्डे, पापुद्रे किंवा काळे पट्टे असतील तर बदला. बदलताना हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची वाटीसुद्धा बदला. जुन्या वाटीत नवं बेअरिंग घातलं तर पैसे वाया जातात. सील दर वेळी नवं टाका. ते स्वस्त असतं, आणि त्याच्यावाचून बाकी सगळं व्यर्थ आहे.

ग्रीसच्या बाबतीत आपल्याकडे मोठी गफलत होते. डब्यातलं स्वस्त पिवळं चेसी ग्रीस कॅल्शियमचं असतं. ते पाण्याला बरं, पण शंभर अंशाच्या आसपास तापलं की पातळ होऊन गळतं. चाकाच्या बेअरिंगला लिथियमचं ग्रीस लागतं, ते साधारण १८० अंशांपर्यंत टिकून राहतं. दुकानात ‘व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस द्या’ असं स्पष्ट मागा. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. जुनं पूर्ण धुऊन मगच नवं भरा. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटींतून ग्रीस वर आलं पाहिजे. हबची पोकळी मात्र गच्च भरायची नाही, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. गच्च भरलं की ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून बाहेर येतं.

चाक बसवताना ते हाताने फिरवत राहा आणि नट आवळत जा. चाक जड फिरायला लागलं की थांबा. मग नट एका खाचेने मागे घ्या आणि भोक समोर आलं की नवी स्प्लिट पिन घाला. चाक सहज फिरलं पाहिजे, पण धरून हलवल्यावर खटखट नको. जास्त आवळलेलं बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर जळतं. आणि जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका. एका रुपयाच्या पिनपायी चाक रस्त्याने एकटं पुढे गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

आता ओढ्याचं. खेप टाकून आलं की ट्रॉली थेट ओढ्यात किंवा उजनीच्या फुगवट्याला पाण्यात घालून धुवायची सवय बऱ्याच जणांना आहे. पळून आलेला हब गरम असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. थंड पाण्यात बुडला की ती हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. समुद्रात बोट उतरवायच्या ट्रेलरची बेअरिंगं याच कारणाने जातात. महिनाभरात ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं दिसतं आणि रोलरवर गंज येतो. ट्रॉली धुवायची तर अर्धा-पाऊण तास उभी करा, आणि हबच्या वर पाणी जाईल इतकी आत घालू नका. वाळू, माती किंवा इतर कामासाठी रोज पाण्यातून जावंच लागत असेल, तर ग्रीस वर्षातून एकदा नाही, दोन-तीनदा बदला.

चेसी: हातोडी घ्या, कान द्या

गंज उघड्या जागी कमी लागतो. तो लागतो जिथे ओल अडकते. हौदाचा पत्रा आडव्या चॅनेलवर टेकतो तिथे, दोन चॅनेल पाठीला पाठ लावून जोडलेल्या फटीत, आणि बंद चौकोनी पाइपच्या आत. ज्या ट्रॉलीतून शेणखत, युरिया, मीठ किंवा कारखान्याची मळी वाहिली जाते, ती दुप्पट वेगाने खाल्ली जाते. खत टाकून आल्यावर त्याच दिवशी ट्रॉली धुवा, एवढं एक पथ्य पाळलं तरी पत्र्याचं आयुष्य वाढतं.

लहान हातोडीने मुख्य चॅनेल टोकापासून टोकापर्यंत हलके ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं. गंजलेलं थपथप वाजतं आणि पापुद्रे गळतात. थपथप वाजलं तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत घुसला तर तिथे रंग लावून उपयोग नाही, कापून काढावं लागेल.

आडव्या पट्ट्या, हौदाचे अँगल, फाळक्याची कडी हे सगळं कितीही वेळा बदलता येतं. पण एक्सलच्या आसपास दोन्ही मुख्य चॅनेल पोकळ झाली असतील तर तुकडे जोडत बसू नका. तिथे ट्रॉलीचं सगळं वजन बसतं. जुनी चेसी भंगारात आणि एक्सल, चाकं, हौद नव्या चेसीवर, हा सौदा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. फॅब्रिकेशनवाल्याशी ‘एवढे घ्या, करून टाका’ असं मोघम बोलू नका. किलोवर बोला. १२५ मिलिमीटरचं चॅनेल मीटरला साधारण १३ किलो भरतं. तीन मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. म्हणजे दहा बाय सहा फुटांच्या तळाला साधारण १३० किलो पत्रा लागतो. हेच गणित दोन मिलिमीटरला ८८ किलोच्या आसपास येतं. पत्रा गेजमध्ये सांगितला जात असेल तर लक्षात ठेवा, गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज साधारण दोन मिलिमीटर, १६ गेज १.६ मिलिमीटर.

तडा जोडायचा असेल तर नुसता वरून वेल्डिंगचा दोरा ओढून चालत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी लहान भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने तड्याची खाच रुंद करून तळापासून भरायची. वर पट्टी मारायची तर ती चौकोनी नको, दोन्ही टोकं निमुळती हवीत. चौकोनी पट्टीच्या आडव्या वेल्डिंगशेजारी वर्षभरात नवा तडा येतो, आणि लोक म्हणतात लोखंडच हलकं होतं. चॅनेलच्या खालच्या पाकळीवर आडवं वेल्डिंग आणि भोकं शक्यतो टाळाच, सगळ्यात जास्त ताण तिथे असतो.

वेल्डरला तीन गोष्टी आवर्जून सांगा. दांडी आणि एक्सलच्या ब्रॅकेटला साधी ६०१३ ची कांडी नको, ७०१८ ची वापर, आणि ती कोरडी असू दे. पावसाळ्यात सादळलेल्या कांडीचं वेल्डिंग दिसायला चांगलं असतं, आतून भुसभुशीत. दुसरं, अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्डिंग चाललंय त्याच्या शेजारी लाव. चिमटा एका टोकाला आणि वेल्डिंग दुसऱ्या टोकाला असेल तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. नव्या बेअरिंगचा महिनाभरात आवाज येतो, त्याचं एक कारण हेही असतं. तिसरं, चेसी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू नको. कामाआधी त्या नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बंद पाइप असेल तर त्याच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला लहान भोक ठेवा. आत साचलेलं पाणी बाहेरून कधीच दिसत नाही.

वाकलेला किंवा तडकलेला एक्सल आणि तुटलेला पाटा, हे दोन्ही वेल्ड करायचे नसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांचा पाणी दिलेला कडकपणा जातो आणि ते शेजारीच पुन्हा मोडतात. बदलायचे. पाट्यांचे यू-बोल्ट, मधला बोल्ट आणि बुश बघा. यू-बोल्ट सैल असेल तर एक्सल तिरका होतो, ट्रॉली रस्त्यावर खेकड्यासारखी चालते आणि टायर एकाच बाजूने झिजतात.

टायर आणि वजन

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी बाजूला भेगा पडलेला जुना टायर भरलेल्या ट्रॉलीला नको. रिमच्या नटांच्या भोकांभोवती तडे बघा. रिंग आणि लॉक असलेली रिम असेल तर चाक उतरवण्याआधी पूर्ण हवा सोडा. आणि हवा भरताना रिंगसमोर उभे राहू नका, ती निसटली तर गोळीसारखी येते.

ट्रॉलीवर खरं किती वजन पडतं हे जाणून घ्यायला आपल्याकडे फुकटचं साधन आहे, कारखान्याच्या काट्याची पावती. त्यात ट्रॅक्टरसह वजन असेल तर ट्रॅक्टरचं रिकामं वजन आरसीवरून बघून वजा करा. उरलेलं चाकांच्या संख्येने भागा. एका चारचाकी ट्रॉलीचं भरलेलं वजन ११ टन असेल तर प्रत्येक टायरवर पावणेतीन टन पडले. आता टायरवर छापलेलं जास्तीत जास्त वजन वाचा. आकडा जुळत नसेल तर टायर फुटल्यावर कंपनीला नावं ठेवू नका. त्यात गव्हाणीच्या रांगेत नंबर लागेपर्यंत भरलेली ट्रॉली तासन् तास एकाच जागी उभी असते, ते वेगळंच.

ब्रेक आणि उतार

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरचं. म्हणून रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल खिटीने एकत्र जोडलेले हवेत. शेतात वळायला सोडलेली खिटी रस्त्यावर तशीच राहिली, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॉली आडवी येते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतार उतरणं म्हणजे दहा टनांना आपल्या पाठीवर सोडणं. ट्रॉलीला ब्रेक असतील तर त्यांची पाइप, लायनर आणि दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागतो का, हे खोललेल्या हबसोबतच बघून घ्या.

मागून दिसलं पाहिजे

रिफ्लेक्टर पट्टीचा नियम सोपा आहे: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पट्टी गंजावर किंवा धुळीवर चिकटत नाही. पत्रा घासून, रंगवून, पुसून मग लावा. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ते लावून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कारण ऊस भरला की मागे लोंबणारी वाडी बरोबर त्याच पट्टीवर येतात. त्यासाठी एक वेगळी फळी करा, तिच्यावर लाल पट्टी आणि दोन लाल रिफ्लेक्टर ठोका, आणि ऊस भरून झाल्यावर ती सगळ्यात मागे दोरीने बांधा. दोन ट्रॉल्या असतील तर फळी शेवटच्या ट्रॉलीला.

लाइट लागत नसेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा. जुन्या ट्रॉलीत अर्थ गंजलेल्या चेसीतून घेतलेला असतो, तो लागतो-तुटतो. दिव्यापासून सॉकेटपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढली की निम्मी कटकट संपते. वायर पाइपमधून न्या, उंदीर आणि ऊस दोघांपासून वाचते. रस्त्यात ट्रॉली बंद पडलीच तर मागे रस्त्यावर मोठे दगड मांडून ठेवण्याची आपली जुनी खोड सोडा. काम झाल्यावर दगड तिथेच राहतात आणि पुढचा अपघात त्या दगडांवर होतो. घडीचे त्रिकोणी रिफ्लेक्टर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये मावतात.

पत्रा आणि रंग

सुटे पापुद्रे काढा, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर मारा, आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडं लोखंड एक रात्र दवात राहिलं की पुन्हा तांबूस होतं. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. खालून जळकं ऑइल मारायची पद्धत गंजाला थोडी आळा घालते, पण ते टायर, वायर आणि हायड्रॉलिकच्या पाइपला लागू देऊ नका, रबर फुगतं.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे दिसायला हवा. दुरुस्ती करताना हौद उंच करणं, चेसी लांब करणं हा मंजुरीशिवायचा बदल ठरतो. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली धरली आहे का, हे पॉलिसी काढून वाचा. ट्रॉलीची नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. ट्रॉली मालाची आहे. दिंडीची माणसं असोत, वऱ्हाड असो की ऊसतोड मजुरांची कुटुंबं, त्यात बसलेल्या माणसांना विम्याचं संरक्षण मिळेलच असं धरून चालू नका.

पहिला आठवडा आणि पावसाळा

दुरुस्तीनंतरची पहिली खेप अर्धी भरा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून चारही हबजवळ हात न्या, आधी लांबून आणि मग हलकेच टेकवून. कोमट असणं ठीक. एकाच हबला हात टिकत नसेल तर तो जास्त आवळला गेलाय, परत उघडा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट समोरासमोर क्रमाने पुन्हा आवळा, यू-बोल्टही. नवा रंग नटांखाली दबतो आणि ते सैल पडतात.

हंगाम संपल्यावर ट्रॉली उकिरड्याशेजारी किंवा गवतात लावू नका. धुऊन, ग्रीस मारून, दांडीखाली ठोकळा देऊन पुढची बाजू थोडी उंच करा, म्हणजे हौदातलं पाणी मागे वाहून जाईल. एक्सलखाली ठोकळे देऊन टायरवरचं वजन काढा. ताडपत्री टाकायची तर चारही बाजूंनी हवा खेळेल अशी टाका, आणि मागचा फाळका उघडाच ठेवा.